कोलारची सोन्याची खाण: सोने शिल्लक असताना ती बंद का पडली?

२०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पुढे गेला. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एकेकाळी देशातले बहुतेक सोने ज्या खाणीतून निघत होते, ती मात्र २८ फेब्रुवारी २००१ पासून बंद आहे. खाणीच्या तळाशी पाणी भरले आहे, शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरांवरचे, लोखंडी सांगाडे गंजले आहेत आणि कामगारांच्या अनेक वसाहतींतील घरे पडायला आली आहेत. त्यातच जून २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने या खाणीच्या आवारातील मातीच्या ढिगाऱ्यांतून सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली आणि ‘कोलारची खाण पुन्हा सुरू होणार’ अशी चर्चा उठली. सोने इतके महाग झाले असताना ती खाण बंद ठेवायचीच कशाला, असे सामान्य वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी सोन्याच्या भावापेक्षा खडकाची रचना आधी समजून घ्यावी लागते. कोलार गोल्ड फील्ड्स हे गाव कुठे वसले, कोणत्या आकारात वाढले आणि कशामुळे ओसरले, हे सर्व त्या खडकाने ठरवले आहे.

गावाचा नकाशा जमिनीखाली आहे

बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमांजवळ हे गाव आहे. भोवतालचा मुलूख कमी पावसाचा आणि खडकाळ आहे. जवळ मोठी नदी नाही, बंदर नाही, कोणताही मोठा व्यापारी मार्ग नाही. एरवी अशा ठिकाणी मोठे गाव वसण्याचे काही कारण नव्हते.

कारण होते ते दगडात. कोलारच्या आसपास उत्तर-दक्षिण पसरलेला सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा आणि काही किलोमीटर रुंदीचा एका विशिष्ट जुन्या खडकाचा पट्टा आहे. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. फार पूर्वी जमिनीच्या पोटातील तप्त द्रव या खडकाच्या भेगांमधून वर आले आणि त्यात विरघळलेली गारगोटी व सोने तेथेच थिजले. मिठाचे पाणी भेगाळलेल्या फरशीवर सांडून सुकले की भेगेत मिठाची पांढरी रेघ उरते, तसाच हा प्रकार. फक्त येथे भेग काही किलोमीटर खोल होती. सोने धरून बसलेल्या गारगोटीच्या अशा पट्टीला आपण ‘शीर’ म्हणू.

कोलारमधली सर्वांत समृद्ध शीर म्हणजे चॅम्पियन रीफ. ती लांबीने आणि खोलीने अवाढव्य होती, पण जाडीने बऱ्याच ठिकाणी जेमतेम मीटरभर. जाडजूड पुस्तकात उभा खोचलेला एक कागद डोळ्यांसमोर आणावा. पुस्तकाच्या वरच्या कडेला त्या कागदाची केवळ एक रेघ दिसते. त्या रेघेवर आठ-एक किलोमीटर अंतरात ओळीने खाणी उघडल्या गेल्या: उत्तरेकडे बालाघाट आणि कोरोमंडल, मग नंदीदुर्ग, ऊरगाव, चॅम्पियन रीफ आणि दक्षिणेला म्हैसूर माइन. प्रत्येक खाणीभोवती तिची वसाहत उभी राहिली आणि या वसाहती एकमेकींना जोडल्या जाऊन गाव झाले. म्हणून हे गाव इतर गावांसारखे चौकाभोवती गोल वाढलेले नाही, तर शिरेच्या मागोमाग लांबट पसरलेले आहे. बंगारपेट जंक्शनहून सुटणारी आखूड रेल्वेशाखाही त्याच ओळीने जाते आणि तिच्यावरची कोरोमंडल, ऊरगाव, चॅम्पियन, मारिकुप्पम ही स्थानके आजही त्या क्रमाची साक्ष देतात. खाली कोणी न पाहिलेली शीर कशी जाते, हे वरच्या आगगाडीतून जाताना कळते, ही या गावाच्या भूगोलातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

इंग्रजांनी येथे सोने ‘शोधले’ का?

नाही. शोध त्यांच्या आधीच लागलेला होता. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या पूर्व सीमेची मोजणी करण्यासाठी आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरन या अधिकाऱ्याच्या कानावर १८०२ मध्ये येथील सोन्याची वदंता आली. त्याने माहिती देणाऱ्याला बक्षीस लावले, तेव्हा गावकऱ्यांनी माती आणून त्याच्यासमोर धुऊन दाखवली आणि सोन्याचे कण वेगळे करून दिले. हे लोक मातीचे दिवे घेऊन अरुंद विवरांत उतरत आणि सोने धरलेला दगड फोडून वर आणत. त्यांच्याही आधी शतकानुशतके कोणीतरी येथे खणले होते, कारण जुन्या खड्ड्यांच्या रांगा वॉरनच्या काळीही जागोजागी होत्या.

पुढे मायकेल फिट्झजेराल्ड लव्हेल हा न्यूझीलंडच्या युद्धात लढून बंगळुरात स्थायिक झालेला आयरिश सैनिक वॉरनचा अहवाल वाचून १८७१ मध्ये कोलारकडे गेला. १८७५ मध्ये त्याला म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळाला. खोल खणायला लागणारे भांडवल त्याच्याजवळ नव्हते, त्यामुळे हक्क इतरांकडे गेले आणि १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली. पहिली काही वर्षे पैसा नुसताच मातीत जात होता. भागधारक हातपाय गाळण्याच्या बेतात असताना, १८८३ च्या सुमारास, जुन्या खड्ड्यांच्या खाली खणून पाहण्याचे ठरले आणि तेथेच चॅम्पियन शीर लागली. दिवे घेऊन उतरणाऱ्या त्या अनामिक खाणकऱ्यांचे खड्डेच नव्या खाणीचे दिशादर्शक ठरले. पाणी आणि अंधार यांमुळे ते जेथे थांबले होते, तेथून पंप आणि वाफेच्या यंत्रांनी पुढे सुरुवात केली.

दगडातून सोने वेगळे कसे करतात?

येथे सोने चमकत्या गोळ्यांच्या रूपात पडलेले नव्हते. ते गारगोटीत बारीक कणांनी, बहुधा डोळ्यांना न दिसण्याइतके, विखुरलेले होते. म्हणून खाणीचा खरा उद्योग दगड फोडण्याचा. सुरुंगाने फोडलेला दगड वर आणायचा, लोखंडी मुसळांच्या गिरणीत त्याचे पीठ करायचे, मोठे कण पाऱ्याने पकडायचे आणि उरलेल्या पिठात सायनाइडचे सौम्य द्रावण घालायचे. सायनाइडमध्ये सोने विरघळते, दगड विरघळत नाही. चहाची पूड गरम पाण्यात टाकली की रंग आणि स्वाद पाण्यात उतरतो आणि चोथा मागे राहतो, तसेच. ही रीत १८८७ मध्ये ग्लासगो येथे शोधली गेली आणि त्यानंतर जगभरच्या सोन्याच्या खाणींचे गणित बदलले, कारण पूर्वी वाया जाणारे कणही आता हाती येऊ लागले.

चहाचा चोथा टाकून देतात. येथेही तसाच टाकला. कोलारचा तो चोथा म्हणजेच ‘सायनाइड डंप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राखाडी-पिवळसर टेकड्या. ही टेकडी जवळून पाहिली तर ती दगडाची नाही आणि शेतातल्या मातीचीही नाही, हे ध्यानात येते. ती चाळलेल्या पिठासारखी मऊ आहे. पावसाने तिच्या उतारांवर बोटे ओढल्यासारख्या खोल घळी पाडल्या आहेत आणि कित्येक ठिकाणी गवताची काडीही धरलेली नाही. उन्हाळी वारा सुटला की हेच पीठ उडून घरांच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माणसांच्या फुप्फुसांत जाऊन बसते.

‘टनामागे किती ग्रॅम?’ एवढाच प्रश्न

खाणीचा जीव एका आकड्यात असतो. एक टन दगड फोडला तर किती ग्रॅम सोने मिळते, याला दगडाची ‘प्रत’ म्हणतात. एक टन दगड म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे सत्तर सेंटिमीटरचा ठोकळा. कोलारमध्ये सुरुवातीच्या काळात अशा एका ठोकळ्यातून चाळीस ग्रॅमच्या पुढे सोने निघत असे. खाण बंद होण्याच्या सुमारास ते तीन-चार ग्रॅमवर आले होते. तीन ग्रॅम सोने आकाराने हरभऱ्याच्या एका दाण्याएवढे भरते. सत्तर सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे पीठ करून त्यातून हा एक दाणा वेचायचा, आणि तो ठोकळा आधी तीन किलोमीटर खोलवरून वर आणायचा.

सुमारे १२० वर्षांत कोलारमधून ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. सोने फार जड असल्यामुळे ते सगळे एकत्र ओतले, तर साडेतीन मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच अशा एका खोलीत मावेल. ती एक खोली भरण्यासाठी पाच कोटी टनांच्या आसपास दगड दळला गेला.

खोली वाढली की काय होते?

विहिरीचे पाणी पाच हातांवर असते तेव्हा कोणीही शेंदते. तेच पन्नास हातांवर गेले की पाणी तेच, बादली तीच, पण दोराची लांबी, श्रम आणि वेळ दसपट होतो. कोलारच्या शिरेचा वरचा भाग संपत गेला, तसतसे खाली उतरावे लागले. चॅम्पियन रीफची खाण अखेर ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत गेली आणि दीर्घकाळ ती जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक होती.

इतक्या खोलीवर तीन शत्रू भेटतात. पहिला उष्मा. तळाशी मूळ खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे होते; थंड केलेली हवा वरून सतत खाली ढकलली नाही, तर माणूस तेथे उभाही राहू शकत नाही. दुसरा दाब. वरचा सगळा डोंगर खालच्या पोकळीवर भार टाकत असतो आणि एखाद्या क्षणी भिंतीचा खडक स्फोट झाल्यासारखा फुटून आत येतो. याला रॉक बर्स्ट म्हणतात. कोलारमध्ये याचे हादरे वरच्या घरांनाही जाणवत आणि घरात बसलेल्या बाईला, आपला माणूस या पाळीत खाली आहे की वर, याचा त्या क्षणी हिशेब करावा लागे. तिसरे पाणी. ते अखंड झिरपते आणि पंप अखंड चालवावे लागतात.

हे सगळे चालवायला शक्ती हवी आणि तीच या गावाच्या इतिहासातील अभिमानाची बाब आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र धबधब्याजवळ वीजकेंद्र उभारले गेले ते मुख्यतः या खाणींसाठी. १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून, त्या काळातील जगातील अतिदीर्घ वाहिन्यांपैकी एकीवरून, वीज कोलारला पोचली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. पिण्याचे पाणीही दूर पालार नदीवरील बेतमंगला येथील तलावातून नळाने आणावे लागले. निसर्गाने जे दिले नव्हते ते सर्व बाहेरून आणून हे गाव जगवले गेले आणि त्याचा खर्च सोने देत होते.

याच खोलीचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह येथे सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे लावली आणि १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद घेतली. जगात अशा पहिल्या दोन नोंदींपैकी ही एक. दुसरी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्याच खाणीत झाली. वरचा खडक बाकीचे किरण गाळून टाकतो आणि फक्त न्यूट्रिनोच आरपार येतात, म्हणून खोल खाण हवी होती.

खाली उतरणारी माणसे कोण होती?

वरच्या जागा इंग्रजांच्या आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेल्या अनुभवी खाणकऱ्यांच्या होत्या. त्यांच्यासाठी बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान उभे राहिले. ‘छोटे इंग्लंड’ ही ओळख गावाच्या त्या एका कोपऱ्याची होती. दगड फोडणारे हात मुख्यतः तमिळ प्रदेशातील उत्तर अर्काट आणि आसपासच्या भागांतून आलेल्या दलित कुटुंबांतले होते. गावातील जमीनदाराच्या वेठीतून सुटका आणि रोख मजुरी यांसाठी ते आले आणि ‘लाइन्स’ म्हटल्या जाणाऱ्या चिंचोळ्या खोल्यांच्या रांगांत राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे तीस हजारांच्या आसपास कामगार होते. गारगोटीची धूळ फुप्फुसांत साचून होणारा सिलिकोसिस हा त्यांचा नेहमीचा आजार. १९३० मध्ये बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी मोठा संप केला, कारण आपल्याला चोर समजले जाते, हे त्यांना सहन झाले नाही.

सरकारी कारभारामुळे खाण बुडाली का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. १९५६ मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तोटा याच काळात वाढला, हे खरे आहे. कारभारात चुका झाल्या नसतील, असेही कोणी म्हणणार नाही.

तरीही क्रम पाहावा. सरकारच्या हाती खाण आली तेव्हा शिरेचा श्रीमंत भाग आधीच उचलला गेला होता. चाळीस ग्रॅमचा दगड परदेशी भागधारकांच्या लाभांशात गेला आणि तीन ग्रॅमचा दगड, तीन किलोमीटरची खोली, म्हातारे झालेले शाफ्ट व आजारी कामगार नव्या मालकाच्या वाट्याला आले. २००१ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला साडेचार हजार रुपयांच्याही आत होता. म्हणजे एक टन दगडातून मिळणाऱ्या तीन ग्रॅम सोन्याचे तेराशे रुपयांच्या आसपास यायचे आणि त्यातून सुरुंग, उपसा, वीज, थंड हवा, दळण, रसायने आणि पगार भागवायचे होते. हे गणित कोणत्याही व्यवस्थापकाला सोडवता आले नसते, असे माझे मत आहे. कामगारांना सावरायला वेळ आणि पर्याय देणे मात्र सरकारला शक्य होते आणि ते पुरेसे झाले नाही.

मग आता तेच गणित उलटले नाही का?

भावाचा विचार केला तर उलटले आहे. ग्रॅमला दहा हजार रुपये धरले, तर तोच ठोकळा आता तीस हजारांचे सोने देतो. पण बंद खाण म्हणजे कुलूप लावलेले दुकान नव्हे, की किल्ली फिरवली आणि विक्री सुरू झाली. पंप थांबले त्या दिवसापासून खाणीत पाणी चढत गेले. जमिनीखाली हजाराहून अधिक किलोमीटर लांबीचे बोगदे आहेत. त्यांतले लाकडी टेकू कुजले, लोखंड गंजले आणि काही भाग खचले. ते पाणी उपसणे, उपसलेले पाणी कोठे सोडायचे ते ठरवणे, शाफ्ट नव्याने बांधणे आणि मगच तळाशी पोचणे, यात सोन्याचा एक कणही हाती येण्याआधी कित्येक वर्षे आणि प्रचंड पैसा जातो. एवढे करून खाली मिळणारा दगड गरीब प्रतीचाच असेल, तर आजचा भाव दहा वर्षे टिकेल या भरवशावर कोण पैसा घालणार?

‘दक्षिण आफ्रिकेत तर चार किलोमीटरच्या जवळपास खोलीवर खाण चालते’ असे यावर म्हणता येईल. चालते, कारण तेथे त्या खोलीवरही भरपूर आणि चांगल्या प्रतीचा दगड शिल्लक आहे आणि ती खाण मध्येच बंद पडून पाण्याने भरलेली नाही. जवळचे उदाहरण हवे असेल तर कर्नाटकातच रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. तीही सरकारी कंपनीचीच आहे. तिची खोली कोलारपेक्षा पुष्कळ कमी आहे. कोलारच्या खाणीसाठी जागतिक निविदा काढण्याच्या केंद्राच्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्यता दिली, तरी तिच्या तळाकडे जाण्याचे काम सुरू झालेले नाही.

ढिगाऱ्यांतून सोने काढणे म्हणजे खाण सुरू होणे का?

येथे बातम्यांमुळे सर्वाधिक गैरसमज होतो. २०२४ ची मान्यता सुमारे एक हजार एकरांवरील तेरा सायनाइड डंपांसाठी आहे. म्हणजे चहाचा चोथा पुन्हा उकळायचा. त्यात सोने आहे हे निश्चित, कारण जुन्या पद्धतींना सर्व कण पकडता येत नसत. पण ते टनामागे एक ग्रॅमपेक्षाही कमी आहे. तरी ते परवडू शकते, कारण हा माल आधीच दळलेला आहे, उघड्यावर पडलेला आहे आणि त्यासाठी कोणालाही खाली उतरावे लागत नाही. खर्चाचा सर्वांत मोठा भाग शंभर वर्षांपूर्वीच्या कामगारांनी आधीच भरलेला आहे.

म्हणूनच या कामातून जुन्यासारखा रोजगार मिळेल, ही अपेक्षा धरू नये. डंप उचलायला उत्खनन यंत्रे, वाहक पट्टे आणि टाक्या लागतात. हजारो माणसांची पाळी लागत नाही.

मग गाव उठून का गेले नाही?

खाण संपल्यावर गाव पूर्ण ओस पडते, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. कोलारमध्ये ओसाडी अर्धवट आहे. गावातल्या रॉबर्टसनपेट भागाची बाजारपेठ गजबजलेली आहे, माती उपसणारी यंत्रे बनवणाऱ्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीचा कारखाना आहे आणि खाणीच्या लाइन्समध्ये, छप्पर गळत असले तरी, चौथी-पाचवी पिढी राहते. खोदकाम सोडून गेलेल्या परक्या साहेबांना परतायला देश होता. या लोकांचे मूळ गाव आजोबा-पणजोबांच्या आठवणीपुरतेच उरले होते. शिवाय बंगळूर शंभर किलोमीटरवर आहे. खनिजासाठी टाकलेल्या त्याच रेल्वेशाखेवरून हजारो माणसे पहाटे मारिकुप्पमहून निघतात, बंगळुरात काम करतात आणि रात्री परततात.

त्यांच्या दृष्टीने डंपांच्या प्रस्तावातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सोन्याचा नाहीच. टनामागे ग्रॅमभरही सोने निघत नसेल, तर प्रक्रिया झाल्यावर ढीग जवळजवळ पूर्वीएवढाच उरतो, आणि तो ओला, नव्याने सायनाइडमधून काढलेला असतो. हा नवा ढीग कोठे ठेवणार, त्याखाली पाणी झिरपू नये म्हणून काय अंथरणार, वर माती आणि झाडे कोण लावणार आणि उन्हाळ्यात तो उडू नये याची जबाबदारी किती वर्षे कोणावर राहणार, हे करारात लिहिलेले असायला हवे.